वसईवर इंजिन बंद पडलं तर

वसई रोड स्टेशनच्या डोक्यावर, जमिनीपासून दोन हजार फुटांवर, सेसना १५२ जातीचं दोन आसनी शिकाऊ विमान चाललं आहे असं धरून चालू. मुंबई विमानतळाच्या नियंत्रित हवाई हद्दीत असलं विमान खुशाल भटकू शकत नाही, तेव्हा हे उड्डाण नकाशावरचंच. तर या विमानाचं इंजिन एकाएकी बंद पडतं. चाकं जमिनीला लागेपर्यंत वैमानिकाच्या हातात वेळ उरतो साधारण तीन मिनिटांचा. लोकलला इथून नालासोपारा गाठायलाही याहून जास्त वेळ लागतो.

तीन मिनिटं ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, कारण इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली येतं अशीच आपली समजूत असते. तसं होत नाही. विमानाला वर धरून ठेवतो तो पंखावरून वाहणारा वारा, आणि पंखाला वेग मिळत राहिला की तो वारा वाहत राहतो. इंजिन असताना वेग इंजिन देतं. ते गेलं की वैमानिक नाक थोडं खाली करतो आणि उंची खर्चून वेग विकत घेतो. उतारावर पायडल न मारता सायकल सोडावी, तसंच हे. सेसना १५२ साठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर वेगाने सोडलं, तर एक फूट खाली येताना ते नऊएक फूट पुढे जातं. दोन हजार फुटांवरून म्हणजे साडेपाच किलोमीटर. हा वाऱ्याशिवायचा हिशेब झाला. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर त्याच साडेपाचाचे चार उरतात.

आता नकाशा पाहा. वसई रोडपासून भुईगावचा समुद्रकिनारा सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा तोंडावर असतो. किनारा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, लांबलचक, सपाट, मोकळा. पण तिथे पोचता येणार नाही. आणि न पोचणाऱ्या जागेकडे जाताना माणूस काय करतो? नाक वर ओढतो. विमान खाली चाललंय, ते थोडं वर उचलावं, अजून थोडं पुढे न्यावं, ही इतकी साहजिक ओढ आहे की तिच्यापायी शेकडो माणसं गेली आहेत. नाक वर केलं की वेग मरतो, पंखावरचा वारा सुटतो आणि विमान त्या क्षणी खरोखरच दगड होतं. यालाच स्टॉल म्हणतात. उड्डाणाच्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक, आणि घाबरल्यावर सगळ्यात आधी विसरली जाणारीही हीच.

हे सारं कागदावरचं वाटू नये म्हणून तीन खऱ्या घटना सांगतो. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या संस्थेचं सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक तरुणी होती, प्रशिक्षक सोबत नव्हता. ही तिची एकटीची लांब पल्ल्याची फेरी. वाटेत इंजिनाची ताकद गेली. विमानाचं बरंच नुकसान झालं, तिला किरकोळ दुखापत झाली, आसपासच्या वस्तीवरची मंडळी मदतीला धावली. त्यानंतरच्या वर्षी, ३० मे २०२३ रोजी, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेलं रेडबर्ड संस्थेचं विमान तांत्रिक बिघाडामुळे होनिहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं. आतले दोघेही वाचले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ, १९ आणि २२ तारखेला, याच संस्थेच्या दोन विमानांना चार दिवसांत अपघात झाले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तिचं प्रशिक्षण थांबवलं.

यातली कडबनवाडीची घटना मला सगळ्यांत बोलकी वाटते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यात एक अशी फेरी करावीच लागते की एकूण अंतर किमान ३०० सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि वाटेत दोन परक्या विमानतळांवर उतरून परत यायचं. ही वाट शिकाऊ वैमानिक एकट्यानेच कापतात. शेजारच्या आसनावर कोणी नाही, खाली अनोळखी जमीन. अशा वेळी इंजिन बसलं आणि मुलगी वाचली, तर मोडलेल्या विमानाचं दुःख करायचं कारण नाही. विमान मोडलं म्हणजे उतरणं फसलं, असा हिशेब आपण बातमी वाचताना करतो. शाळेतला हिशेब निराळा असतो. तिथे इंजिन बंद पडल्या क्षणापासून विमान खर्ची टाकलेलं असतं. जपायची असतात ती आतली माणसं आणि खालची माणसं.

हा हिशेब नुसता धीराचा नाही, गणिताचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू तीन मीटरपेक्षा थोड्या कमी अंतरात, एकसारखी मंदावत थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटका बसतो. जुन्या छोट्या विमानांची आसनं आणि पट्टे साधारण एवढाच पुढचा झटका गृहीत धरून बनवलेले असतात. म्हणजे जगायला लांब धावपट्टी लागत नाही. तीन मीटर मोडतोड पुरते, फक्त ती पंख, चाकं आणि नाक यांची व्हायला हवी, माणसं बसलेल्या डब्याची नव्हे. म्हणूनच शिकवलं जातं की दोन झाडांच्या मधून विमान घाला, पंख तुटू द्या. पण वेग दुप्पट झाला की तेवढ्याच झटक्यासाठी अंतर चौपट लागतं. सेसना १५२ पंखांमागच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, पूर्ण सोडून ताशी ८० किलोमीटरच्या आसपास टेकतं. समोरून १८ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग ६२. तोच वारा पाठीमागून घेतला तर ९८. आकड्यांत फरक दीडपटीचा दिसतो, पण टक्करीची ऊर्जा अडीचपट होते. वाऱ्याकडे तोंड करून उतरणं हा त्यामुळेच रिवाज नसून जगण्याचा निम्मा सौदा आहे.

वारा कुठून आहे हे वरून कळायचं कसं? वसईत ते सोपं आहे. पूर्वेला वीटभट्ट्यांचा धूर दिसतो, जीवदानीच्या डोंगरावर झेंडा फडकतो, वाडीतल्या नारळांच्या झावळ्या एका बाजूला लवलेल्या असतात, खाडीच्या पाण्यावर वाऱ्याच्या रेघा उठतात. चांगला प्रशिक्षक विद्यार्थ्याला हे सगळं इंजिन चालू असतानाच विचारत राहतो. धूर कुठे चाललाय? आता बंद पडलं तर कुठे जाशील? आणि आता? पाच मिनिटांनी पुन्हा: आता?

मग तीच परीक्षा आपणही देऊन पाहू. वसई-विरारची जमीन वरून वाचायला घेतली की ती किती फसवी आहे ते लक्षात येतं. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर. मधोमध पश्चिम रेल्वेचे रूळ, वर २५ हजार व्होल्टच्या तारा. रुळांच्या दोन्ही अंगांना इमारती. २०११ च्या जनगणनेतच महापालिका हद्दीत बारा लाखांवर माणसं होती आणि त्यानंतर विरारच्या बाजूला टॉवर कसे उगवले ते लोकलच्या दारातूनही दिसतं. पूर्वेच्या राष्ट्रीय महामार्गाची रुंद पट्टी वरून धावपट्टीसारखी भासते. ती मृगजळ समजावी. कंटेनर, दुभाजक, दिशादर्शक कमानी, आडव्या गेलेल्या विजेच्या तारा. तारांची गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की त्या वरून दिसतच नाहीत. खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग शोधायची आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं मानून तिच्यापासून लांब राहायचं.

खाडीकाठची मिठागरं त्याहून मोहात पाडतात. चौकोनी, सपाट, माणूस नाही, झाड नाही. पण प्रत्येक चौकोनाला बांध आहे, आणि आत तळ घट्ट आहे की पायाला धरणारा चिखल, हे दोन हजार फुटांवरून कोणालाच सांगता येत नाही. सेसनाचं पुढचं चाक लहान असतं. ते रुतलं की विमान नाकावरून कोलांटी घेतं. भातशेतीचं गणित ऋतूवर अवलंबून. आषाढात खाचरं पाण्याने भरलेली, म्हणजे पुन्हा कोलांटी. कापणीनंतर, मार्गशीर्षात, तीच जमीन कडक आणि ठीकठाक असते. बांधाला आडवं न जाता लांबीच्या बाजूने उतरायचं. पश्चिमपट्ट्यातल्या वाड्या सगळ्यांत शेवटी. केळीचं खोड पाण्याने भरलेलं, मऊ, पण त्याच वाडीत नारळ उभा असतो आणि नारळ मऊ नसतो. शिवाय विहिरी.

तिवरांचं काय? भरतीच्या वेळी पाणी, ओहोटीला गुडघाभर गाळ. तिवरात उतरलेलं विमान कदाचित मऊ थांबेल, पण माणसाला तिथून बाहेर काढायचं कोणी आणि कसं, हा प्रश्न उतरल्यावर सुरू होतो. समुद्रात उतरणं हा त्याहून वाईट पर्याय. चाकं खाली कायम लटकलेली असतात, ती पाण्यात अडकतात आणि पाण्यावर उलटं पडलेलं विमान फार वेळ तरंगत नाही.

राहिला किनारा. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, सुरुची. वसईच्या किल्ल्यापर्यंतची ही पंधराएक किलोमीटरची पट्टी मुंबईजवळ इतकी सलग दुसरीकडे क्वचितच सापडेल. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा कितीतरी बरी. भरतीत मात्र पट्टी आक्रसून सुरूच्या झाडांना टेकते. म्हणजे त्या दिवशीची भरती-ओहोटी कोळ्याइतकीच वैमानिकालाही ठाऊक हवी. नवशिके बहुतेक जण याच उत्तरावर येऊन थांबतात: किनाऱ्यावर उतरू. वार कोणता आहे, हे विचारायचं राहून जातं.

२ ऑगस्ट २०१७ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या कॉश्ता द कापारिका इथे नेमकं हेच घडलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थी असलेलं सेसना १५२. उड्डाणात इंजिन बंद पडलं. खाली लांब सपाट किनारा, विमान तिथे व्यवस्थित उतरलंही. पण ऑगस्टची दुपार, सुट्टीचा हंगाम. वाळूवर माणसं होती. इंजिन बंद असलेलं विमान जवळजवळ आवाज करत नाही. दोन माणसं जागीच गेली, त्यातली एक आठ वर्षांची मुलगी होती. विमानातले दोघे धडधाकट बाहेर आले. राजोडीला रविवारी संध्याकाळी जाऊन उभं राहावं आणि मग किनारा ही उतरण्याची जागा आहे का ते ठरवावं. मला विचाराल तर अशा वेळी पाणी बरं. पाण्यात उतरणारा स्वतःचा जीव पणाला लावतो. वाळूवर खेळणाऱ्या पोरांनी कुठलाच धोका पत्करलेला नसतो.

जागा निवडण्याचा हा सगळा विचार तीन मिनिटांत मावत नाही. तो आधीच झालेला असावा लागतो. कारण पहिले काही क्षण तर नुसते अविश्वासात जातात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्यामुळे दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस विमान कॅप्टन सलेनबर्गर यांनी हडसन नदीत उतरवलं आणि १५५ जण वाचले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तपासात पुढे निघालेला एक बारकावा तितकासा सांगितला जात नाही. पक्षी आदळताक्षणी वळले असते तर विमानतळावर परतता आलं असतं का, हे सिम्युलेटरवर तपासलं गेलं. तत्काळ वळलेल्या काही प्रयत्नांना यश आलं. पण माणसाला काय झालं ते कळायला आणि ठरवायला लागणारी ३५ सेकंदं त्यात धरली, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. छोट्या विमानाच्या तीन मिनिटांतून ३५ सेकंद वजा करून पाहा.

परत वळण्याचा मोह सर्वांत घातक ठरतो तो उड्डाणानंतर लगेच. धावपट्टी सोडून विमान तीनशे-चारशे फूट चढलं आहे आणि इंजिन गेलं. धावपट्टी तर मागेच आहे, आत्ताच सोडली! पण तिथे पोचायला नुसतं १८० अंश वळून भागत नाही. वळताना विमान बाजूला सरकतं, त्यामुळे अधिक वळावं लागतं आणि मग पुन्हा उलटं सरळ व्हावं लागतं. ४५ अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग जवळपास एक पंचमांशाने वाढतो. उंची नाही, वेग नाही, वारा पाठीमागून. म्हणून नियम रुक्ष आहे: समोर जे असेल त्यात, फार तर थोडं डावी-उजवीकडे, उतरायचं. समोर भिंत नसावी एवढंच पाहायचं. किती उंचीनंतर वळणं शक्य आहे हा आकडा विमान, वजन आणि वारा यांवर ठरतो आणि तो उड्डाणाआधी मोठ्याने बोलून घ्यायचा असतो, कारण नंतर डोकं मोजणी करायच्या अवस्थेत नसतं.

इंजिन बंद पडतं ते का, हा भाग मेकॅनिकचा आहे असं आपण समजतो. क्रँकशाफ्ट तुटली, व्हॉल्व्ह अडकला, तेल गळून गेलं, असंही होतं. पण जगभरच्या तपासांत पुन्हा पुन्हा समोर येणारी कारणं फार साधी असतात, आणि त्यात लोखंडाचा दोष नसतो. इंधन संपतं. किंवा टाकीत असतं पण इंजिनापर्यंत पोचत नाही, कारण झडप बंद राहिली. सेसना १५२ च्या साध्या टाक्यांत वापरण्याजोगं पेट्रोल सुमारे ९३ लिटर मावतं आणि काट्यावर कोणीही शहाणा विसंबत नाही. पंखावर चढून टाकीत खुणा केलेली पट्टी बुडवून पाहायची, हीच खरी मोजणी.

दुसरं कारण पाणी. विमानाचं पेट्रोल निळसर रंगाचं असतं. रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी सुटतं, पावसाळ्यात झाकणातूनही झिरपतं, आणि पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतात. तळाशी बिनरंगी थेंब दिसला की पुन्हा काढायचं, थेंब दिसेनासा होईपर्यंत.

तिसरं कारण वसईकराला ऐकून खोटं वाटेल: बर्फ. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, त्यात पेट्रोल उडून त्याची वाफ होते आणि दोन्हींमुळे तापमान वीस-पंचवीस अंशांनी, कधी त्याहून जास्त, घसरतं. बाहेर २८ अंश असोत, आत शून्याखाली. हवा कोरडी असेल तर काही बिघडत नाही. पण आपल्या किनारपट्टीची पावसाळ्यातली हवा, हात पुसला तरी ओला राहणारी, तीच गळ्यात बर्फ होऊन बसते. इंजिन मंद ठेवून खाली येताना धोका सर्वांत जास्त. घाम फुटलेला असताना इंजिनात बर्फ झालाय हे कोणाच्या डोक्यात येईल? म्हणून फेरे हळूहळू पडू लागले की कार्बोरेटरला गरम हवा देणारी दांडी ओढायची. ओढल्यावर इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. घाबरून दांडी परत ढकलणारे विद्यार्थी इथेच चुकतात. थोडा दम धरला तर आवाज सुधारतो. या कारणाचा पुरावाही राहत नाही. तपास अधिकारी शेतात पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो आणि इंजिन कसं ठणठणीत दिसतं.

इंजिन बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने काळजी घेतली आहे हेही सांगितलं पाहिजे. सेसनाच्या इंजिनात ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, एकमेकांपासून स्वतंत्र, आणि प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन. बॅटरी गेली तरी इंजिन चालत राहतं. पेट्रोल पंखातून गुरुत्वाकर्षणानेच खाली येतं, पंप नाही. मोडायला जेवढं कमी तेवढं मोडतं कमी.

हे शहाणपण कष्टाने आलेलं आहे. मुंबईत जुहूला १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला तेव्हाची इंजिनं फार लहरी होती. याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यानंतर इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने कापणाऱ्या भारतीयाला आगाखानांनी बक्षीस लावलं. टाटा इकडून निघाले, अॅस्पी इंजिनियर नावाचा पोरगेला तरुण तिकडून. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली तेव्हा इंजिनियर प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. इंजिनियर पुढे उडाला आणि थोडक्या फरकाने स्पर्धा जिंकला. हाच तरुण पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. खिशात जादा प्लग घेऊन देश ओलांडायचा तो काळ. पुढे जुहूच्या आकाशात गर्दी झाली आणि क्लबचं शिकवणं धुळ्याला गेलं. शिकाऊ विमानांचा महाराष्ट्र आज धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया असा पसरला आहे, म्हणजे जिथे खाली मोकळं रान आहे तिथे. हे योगायोगाने झालेलं नाही.

सराव कसा होतो? उड्डाणात प्रशिक्षक न सांगता थ्रॉटल मागे ओढतो आणि म्हणतो, इंजिन गेलं. विद्यार्थ्याने आधी वेग धरायचा, ६० नॉट. मग जागा निवडून तिकडे वळायचं. मग कारण शोधायचं: गरम हवा, पेट्रोलची झडप, मिक्स्चर, मॅग्नेटोची चावी. मग रेडिओवर ‘मेडे’ ही मदतीची हाक आणि ट्रान्सपाँडर या यंत्रावर ७७०० हा संकटाचा आकडा. हा क्रम उलटा झाला, रेडिओवर आधी बोलत बसला, तर प्रशिक्षक रागावतो, कारण रेडिओवरचा माणूस विमान उडवू शकत नाही. उतरणं नक्की झालं की पेट्रोल बंद, चावी बंद, फ्लॅप खाली, वीज बंद आणि टेकण्याआधी दारांच्या कड्या उघड्या. कड्या उघडण्याचं कारण असं की धक्क्याने चौकट वाकली तर दार अडकून बसतं आणि न मोडलेला माणूस मोडक्या डब्यात कोंडला जातो.

या सरावातही एक खाच आहे. मंद ठेवलेलं इंजिन खाली येताना थंड पडतं आणि पुन्हा ताकद मागितली की कधीकधी नकार देतं. खोटं उतरणं खरं होतं. म्हणून अधूनमधून थ्रॉटल पुढे करून इंजिन तापवून घेतात आणि ठरलेल्या उंचीखाली खेळ थांबवून वर चढतात. अशा सरावातच अपघात झाल्याची उदाहरणं आहेत. तरीही सराव सोडता येत नाही.

भारतात अशा अपघातांचा तपास २०१२ पासून विमान अपघात तपास ब्युरो करतो, आणि त्याचं काम सुरू होतं ते तुमच्या-आमच्या शेतात. म्हणून कोणाच्या खाचरात असं विमान उतरलंच, तर काय करावं आणि काय नाही हे ठाऊक असलेलं बरं. नाकावरचा पंखा फिरत असेल तर समोरून जाऊ नये. थांबलेला दिसला तरी त्याला हात लावू नये, चावी चालू राहिली असेल तर हलवलेला पंखा पुन्हा उसळू शकतो. जवळ विडी-काडी नको, पंखांत पेट्रोल असतं. शक्यतो वारा येतो त्या अंगाने, मागून किंवा बाजूने जाऊन आधी माणसं बाहेर काढावीत आणि ११२ ला फोन करावा. काही नव्या विमानांत रॉकेटने उडणारं पॅराशूट बसवलेलं असतं आणि त्याच्या इशाऱ्याच्या पट्ट्या बाहेरून लावलेल्या असतात. त्या भागाशी खटपट करू नये. माणसं काढण्यापलीकडे काहीही हलवायचं नाही, ना तुटलेलं चाक, ना आतला कागद. झडप कोणत्या बाजूला होती, चावी कुठल्या खुणेवर होती, टाकीत किती पेट्रोल उरलं होतं, हे जसं आहे तसं राहिलं तरच पुढे कळतं की बंद काय पडलं होतं.